सेटिंगमधला पत्ता

नव्या बारदानाचा वास आला की मला अजून ती सकाळ आठवते. कळंबला आडतीच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं, तो वास जिन्यातून थेट टेबलापर्यंत यायचा. दहावीआधीच शाळा सोडलेल्या मला तिथल्या मॅडमनी कामावर घेतलं होतं. सोयाबीनच्या मापासाठी शेतकरी मोबाईलवरून टोकन घ्यायचे, ती साइट आमची. गर्दीत ती टिकते का हे बघायला एका सॉफ्टवेअरमधून खोटे शेतकरी सोडायचे. किती आणि कुठल्या पत्त्यावर, हे सेटिंगमध्ये भरायचं काम माझं. त्या सकाळी मी आकडा पाचशे केला आणि पत्ता बघितलाच नाही. तिथं सरावाच्या साइटऐवजी खऱ्या साइटचा पत्ता राहिला होता. जरा वेळानं खाली कालवा उठला. "टोकन संपलंच कसं? ट्रॅक्टर भरून आलोय की!" दिवसाची सगळी टोकनं माझ्या खोट्या शेतकऱ्यांनी घेतली होती. आता नोकरी गेली, गावाकडं सास्तूरला कोणत्या तोंडानं जायचं, या विचारातच मी मॅडमच्या टेबलाशी गेलो. "मॅडम, म्याच केलं." "आधी ते बंद कर, मग घाबर," त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनी खोटी टोकनं काढली, मग त्या खाली गेल्या. मी जिन्यात दाराआड उभा राहिलो. "चूक आमच्या ऑफिसची हाय, तुमची मापं आजच व्हत्याल," मॅडम शेतकऱ्यांना म्हणाल्या. कुणीतरी ओरडलं, "केलं कुणी पण?" त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आता बंगळुरात हेच काम करतो. पत्ता तीनदा वाचतो, तरी बटण दाबताना थांबतो, आणि इथं चूक झाली तर माझं नाव कोण झाकील, असं वाटतं.