सेलिनाने बंदूक ओलांडली

बासिलियोची सेना उभी राहिली तेव्हा तिच्यात शिपाई कमी आणि जनरल जास्त होते. शेजारच्या बेटावरून येऊन वसलेल्यांना हाकलायचं आणि आपली जमीन सोडवायची, असं ठरलं. ग्वाडलकनाल बेटावर जमीन आईच्या वंशाने चालते. पण त्या मालकिणींना कुणी विचारलं नाही. त्यांनी रताळी उकडून रानात पोचवायची, एवढंच. ते वसलेले पळाले आणि त्यांचं गावातलं एकुलतं दुकानही गेलं. विजयानंतर गावात मीठ मिळेना.

बासिलियोची थोरली बहीण सेलिना. तिचा मुलगा तार्सिस मामाच्या सेनेत मेजर झाला. नळाच्या पाइपची बंदूक, महायुद्धातली गंजकी काडतुसं, वर नेम चुकू नये म्हणून पुजाऱ्याने घातलेला मंत्र.

मग भांडण थांबवायला परदेशी फौज उतरली. तिने हुकूम काढला: शुक्रवारपर्यंत हत्यारं द्या, माफी मिळेल. नंतर सापडलं तर तुरुंग. बासिलियोने एक मोडकी बंदूक देऊन भाषण केलं, फोटो काढून घेतला आणि पोरांना सांगितलं, तुमच्या लपवा.

"स्वतः दिलीस ना रे?" सेलिनाने विचारलं.

"ताई, शांततेसाठी नेत्याला पुढे व्हावं लागतं."

"आणि पोरं?"

"ती मागे राहून शांततेवर लक्ष ठेवतील."

तार्सिसचं एकच पालुपद, "मामा म्हणेल तेव्हा देईन."

"तुरुंगात मामा येणार आहे का रताळी घेऊन?"

गुरुवारी तो बंदूक दारात आडवी ठेवून पुसत होता. सेलिना उठली, परकर गुडघ्यापर्यंत उचलला आणि सावकाश बंदूक ओलांडली. खात्रीसाठी पुन्हा एकदा ओलांडली.

"आई!" तार्सिस मागे सरकला. बाईने ओलांडलेल्या हत्याराचा मंत्र जातो, धरणाऱ्याचा हात सुजतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हे पाहून बासिलियो धावत आला आणि लांबच थांबला. "ताई, काय केलंस हे!"

"पाय अडखळला."

"दोनदा?"

"वय झालं रे."

"तार्सिस, उचल ती."

"मामा, तूच उचल ना."

शेवटी सेलिनानेच ती टोपलीत टाकली, चर्चच्या मैदानावर नेली. परदेशी अधिकाऱ्याने विचारलं, "कुणाची?"

"आता कुणाचीच नाही."

तार्सिस संध्याकाळी पाठ फिरवून बसला, पण जेवला. घरी जेवला, हे सेलिनाला पुरे होतं.

सकाळी बासिलियोची बायको नदीवर तिला गाठून कुजबुजली, "वन्सं, आमच्या छपरात दोन बंदुका आहेत. जरा येता का?"

"मी कशाला?" सेलिना म्हणाली. "तुला पाय नाहीत?"