डोकी वरची, डांबर खालचं

द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून मी नाशिकहून पेठ रोडला लागले, तेव्हा नेमकी कशासाठी निघाले हे मला धड सांगता आलं नसतं. सावळघाटात टेम्पो असा वळत होता की सकाळचे पोहे घशाशी आले. शेजारी कुसुम मात्र पान चघळत निवांत. ती आणि तिच्या पाड्यावरची (डोंगरातली छोटी वस्ती) माणसं दिवाळीनंतर दिंडोरीकडे माझ्या भावाच्या बागेत कामाला येतात. ऐन तोडणीत दादाने सगळ्यांना एक दिवस सुट्टी दिली, टेम्पो दिला आणि वर तोंडही वाजवलं. "मोजून घ्यायला चाललेत म्हणे! माणसं आहेत का पेट्या?"

मोजणी रस्त्यासाठी होती. सरकारकडे रस्त्यांचे पैसे आले होते, पण ठरावीक डोकी असतील त्याच वस्तीला रस्ता. गेल्या हिवाळ्यातही मोजणीचा साहेब येऊन गेला होता. दारांना कड्या बघून 'इथे कोणी राहत नाही' असं ठरवून तो परतला. माणसं होती आमच्या बागेत.

"मग तो पावसाळ्यात का नाही येत? तेव्हा तर तुम्ही सगळे घरी असता," मी म्हटलं.

"पावसात वर याया रस्ता कुठंय, ताई?"

रस्ता नाही म्हणून मोजणी नाही, मोजणी नाही म्हणून रस्ता नाही. माझं डोकं घाटापेक्षा जास्त गरगरायला लागलं.

कुसुमला रस्ता हवा होता तो लेकीसाठी, यमुनासाठी. पोर चौथी पास झालेली. पाचवी खालच्या गावात, आणि मध्ये ओहोळ. पावसात तो भरला की सगळं बंद. "सडक झाली, फरशी (ओहोळावरचा बुटका पूल) झाली, तर शाळेत जाईल. नाय तर हाय माझ्यासंगं बागेत," ती म्हणाली. मला तिने आणलं होतं ते एवढ्याचसाठी, की शिकलेली बाई बरोबर असली म्हणजे साहेब नीट लिहितो.

खालच्या गावात डांबर संपलं तिथे टेम्पो थांबला. पुढे पाऊलवाट. अर्ध्या चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि उरलेला डोंगर मी एक पाय अनवाणी, देवाचं नाव घेत चढले. पाड्यावर मात्र सण असल्यासारखी अंगणं सारवलेली. नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, सोबत उडदाचं घट्ट वरण. मी लाज सोडून जेवले. यमुनाने ठेवणीतला फ्रॉक घातला होता आणि ती सारखी वाटेकडे बघत होती.

साहेब काही येईना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुसुमचा म्हातारा सासरा कड्यावर जाऊन आला. "खाली जीप उभी हाय. सायेब झाडाखाली बसलाय."

"मग बोलवा की वर!" मी म्हटलं.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "पाव्हणा उपाशी पायथ्याशी बसलाय, त्याला डोंगर चढाया लावू? बरं दिसत नाय, बाय. आपुन जाऊ."

आणि आख्खा पाडा उतरला. पुढे भाकऱ्यांचं टोपलं, मागे माणसं. म्हाताऱ्याला दोघांनी हाताला धरलं होतं.

साहेब भला माणूस. जीप चढत नव्हती, गुडघे दुखत होते, त्याचा काय दोष? तो पोटभर जेवला, चटणी पुन्हा मागून घेतली, आणि एकेकाला समोर उभं करून नीट मोजलं. यमुनाने स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं.

"रस्ता मिळेल ना?" मी विचारलं.

"माझं काम मोजायचं. पुढचं जिल्हा बघतो. जिल्हा मुंबईला विचारतो, मुंबई दिल्लीला."

"आणि दिल्ली?"

"दिल्ली मोजणी बघते, बाई."

मला काही कळलं नाही, पण तो इतक्या खात्रीने बोलला की मी मान डोलावली.

पुढच्या हिवाळ्यात कुसुम बागेत आलीच नाही. "तिकडे रस्त्याचं काम निघालंय म्हणे," दादा कुरकुरला. मला केवढा आनंद झाला! पेढे घेतले आणि एसटीने थेट खालचं गाव गाठलं.

रस्ता होता. रुंद, काळाभोर, अजून गरम. डांबराचे ड्रम धूर ओकत होते. आणि जुनं डांबर जिथे संपायचं, बरोबर तिथेच नवंही संपत होतं. कुसुम डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन चालली होती.

"वर कधी जाणार हा?"

"वर नाय जायाचा, ताई. आमची मोजणी खाली झाली ना, मंग आमी खालच्या गावात धरलो. गाव मोठं ठरलं, सडक मोठी झाली."

"अगं पण तुम्ही राहता वर!"

"ऱ्हातो की."

मी मुकादमाशी भांडले. तो म्हणाला, मला सांगतील तिथे मी टाकतो. यमुना मजुरांना पाणी देत हिंडत होती. शाळा? आषाढापर्यंत गेली, मग ओहोळ भरला आणि ती घरी बसली. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि त्याचं काय करावं ते मला सुचेना. कुसुमनेच तो ओढून घेतला.

"आणा इकडं. आमचीच सडक हाय, दुसऱ्याच्या दारात पडलीय एवढंच." ती हसली. मला नाही हसता आलं. रडू मात्र आलं.

परतीच्या एसटीत मी कोणावर चिडावं याचा हिशेब लावत बसले. दिल्लीने पैसे दिले. साहेबाने इमानाने मोजलं. म्हाताऱ्याने पाहुण्याचा मान राखला. कोणाचंच चुकलं नव्हतं, आणि पोर शाळेबाहेर होती. नाशिक आलं तरी मला उत्तर सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही. निघताना यमुनाने हात केला होता. एरवी पहिल्याच वळणाला माणूस दिसेनासा व्हायचा, आता ती बराच वेळ दिसत राहिली. रस्ता फार सरळ झाला होता.