उल्का पडणार, हे मी सांगितले होते

प्रा. अनसूया येमूल यांची आणि माझी ओळख झाली, तेव्हा मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात त्या संख्याशास्त्र शिकवीत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारले, "उद्या लाइट जाईल का?" सगळा वर्ग ओरडला, "जाणार!" मॅडम हसल्या. "या महिन्यात कधीतरी जाईल, हे मी पैजेवर सांगते. उद्या साडेचारला, तुमच्याच गल्लीत जाईल, हे मला सांगता येत नाही. या दोन वाक्यांतलं अंतर आपण तीन वर्षं शिकणार आहोत."

मी शिकलो, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो आणि पुढे त्यांच्याच विभागात तात्पुरता अधिव्याख्याता म्हणून लागलो. तेच अंतर एका दुपारी मी फोनवर पुसून टाकले. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांचे गुण गातील. मला आधी माझी चूक सांगायची आहे.

मॅडम विणकराच्या घरातल्या. माग कोणत्या दिवशी बिघडेल हे त्यांच्या वडिलांना सांगता येत नसे, पण वर्षाकाठी किती वेळा बिघडेल याचा अंदाज सहसा चुकत नसे. मॅडमनी आयुष्यभर तोच प्रश्न आकाशाला विचारला. मोठी उल्का पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याची शक्यता किती? खड्याएवढे दगड रोज येतात आणि वरच जळून जातात. दगड जितका मोठा, तितके त्याचे येणे विरळ. किती विरळ, हे त्या जगभरच्या नोंदी जुळवून मांडत. प्रत्येक निष्कर्षाखाली 'हा अंदाज आहे, भाकीत नव्हे' असे स्वतःच्या हाताने लिहीत.

त्यांचे याच विषयावर जाहीर व्याख्यान ठरले होते. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी एका वार्ताहराचा विभागात फोन आला. मॅडम तासावर होत्या. मी फोन घेतला आणि बोलत सुटलो. आपल्याला कोणी काही विचारते आहे, याचीच मला धुंदी चढली होती.

"सर, एका शब्दात सांगा. पडणार की नाही?"

"पडणार. नक्की."

"सोलापुरात?"

"सोलापुरातसुद्धा पडू शकते."

"मॅडमचं मत म्हणून छापू?"

"छापा की."

सकाळी पहिल्या पानावर मथळा होता: 'सोलापूरवर महाउल्का; प्रा. येमूल यांचा इशारा'. संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत त्याला तारीखही चिकटली होती. प्राचार्यांनी खुलासा मागितला. मॅडमनी विभागात सर्वांना एकदाच विचारले, "कोण बोललं?" मी हजेरीपटात मान घातली. त्यांनी खुलाशात लिहिले, 'विभागप्रमुख म्हणून जबाबदारी माझी.'

हसे झाले ते त्यांचे. रिक्षावालेसुद्धा विचारत, "मॅडम, कधी पडतीय मग?" पण हसण्यावारी न गेलेली एक गोष्ट घडली होती. आमच्या वसतिगृहात राहणाऱ्या रुक्मिणी नावाच्या बारावीच्या मुलीला तिचे वडील, धोंडिबा, बातमी वाचून गावी घेऊन गेले. मरायचेच तर सगळ्यांनी एका जागी मरू, असे त्यांचे म्हणणे. परीक्षा सुरू झाली, आणि तिची खुर्ची रिकामी राहिली.

हे कळताच मॅडम निघाल्या. सोबत मला घेतले. केम स्टेशनवर रेल्वेतून उतरून आम्ही जीपने धोंडिबांच्या वस्तीवर गेलो. धोंडिबा ओट्यावर बसले होते. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेली माणसं. तुमीच छापलं, मग आमी खोटं कसं मानावं?"

मॅडम त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही. तुमच्या लेकीचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. घरातून चहा आला. मी तो प्यायलो.

पुढचे वर्षभर मॅडमनी रुक्मिणीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि पहाटे उठून तिला गणित शिकवले. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आज माळशिरसला शिक्षिका आहे. त्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली. शिफारसपत्र मॅडमचे होते.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा आधी मी ही चूक वगळून खोटाच लेख लिहिला. तो मलाच वाचवेना. शेवटी मॅडमच्या घरी जाऊन सगळे सांगितले.

"मला त्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या वार्ताहरानंच सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी पक्की व्हायची होती. पुढे वाटलं, तू स्वतःच येशील." मग म्हणाल्या, "फार वर्षं लावलीस रे."

त्यांच्या सांगण्यावरून मी माळशिरसला गेलो. रुक्मिणीने शांतपणे ऐकून घेतले. मग एरवीची शाळेतली भाषा सोडून ती म्हणाली, "सर, माझ्या वर्षाचं आता काय न्हाय. पण बा जाईस्तोवर म्हणत हुता, बाई लई चांगली, पण तेवढं एक चुकली. त्याला आता कोण सांगणार?"

 

धोंडिबा नाहीत, पण त्यांची वस्ती आहे, भाऊबंद आहेत. मॅडमच्या नावाला त्या भागात अजूनही ती बातमी चिकटलेली आहे. येत्या रविवारी रुक्मिणी मला तिथे घेऊन जाणार आहे. ती बातमी कोणी दिली, हे मी दारोदार सांगणार आहे.

मॅडमची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांचे काम असेच चालू राहो आणि त्यांना शंभरी पाहता येवो, ही विठ्ठलाचरणी प्रार्थना. त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहायला मला अजून बरीच वर्षे लागतील. तोवर त्या असाव्यात.