माउस कोणाच्या हातात?

यंदा जूनमध्ये, शाळा उघडली त्याच दिवशी, आपल्या लिंबायत वस्तीतल्या सुनंदाला वर्गाबाहेर काढलं. गुन्हा काय? तिनं सरांना अहिराणीत विचारलं, “चंद्र आपला संगे काबर चालस?” म्हणजे, चंद्र आपल्यासोबत का चालतो?

आता शाळेत जाणारच नाही म्हणून ती हटून बसली. मी तिला उधन्याच्या नव्या सायबर कॅफेत नेलं. तिथल्या गुजराती काकांनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले.

“काका, तुम्हीच शोधा ना, लवकर होईल,” मी म्हटलं.

“सवाल या बेनचा छे, मग माउस माझ्या हातात कशाला?”

ते फक्त स्पेलिंग सांगत होते. पडद्यावर चंद्राचा फोटो वरून खाली हळूहळू उघडला आणि त्याखाली उत्तर: तो फार लांब आहे, म्हणून सोबत चालतोय असं वाटतं. काका मात्र तिच्या तोंडाकडेच बघत होते. तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला, अहिराणीतच.

आता ती शाळेत जायला तयार आहे, पण अजून वर्गाबाहेरच आहे. सोमवारी तुम्ही वस्तीतले सगळे माझ्यासोबत शाळेत चला आणि सरांना सांगा, तिला आत घ्या.