नाना जगदाळे आणि शिकारीचा डबा

नाना जगदाळे गाडीत शिरण्याआधी दारावरच्या शेंदराला दोन्ही हात जोडायचे आणि जोडलेले हात सोडता सोडता नव्या सरकारला एक शिवी हासडायचे. शिवी दर वेळी वेगळी असे, नमस्कार मात्र तोच. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा देवासहून बदली होऊन धारला आले होते आणि फिरत्या दवाखान्यावर नर्स म्हणून हजर व्हायला गेले होते. नाना माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, चपला बाहेर. तुमच्यासाठी दवाखाना असेल, माझ्यासाठी हा दरबाराचा डबा आहे." मी चपला काढल्या नाहीत. उलट विचारलं, की रोगी चिखलाचे पाय घेऊन येतील त्यांना काय सांगणार? त्यावर ते खाली बॅटऱ्यांकडे वाकले. आमची ओळख अशी भांडणानं झाली आणि पुढची सगळी वर्षं भांडणातच गेली. त्या माणसाशी भांडायला मिळावं म्हणून मी कधीकधी सकाळी लवकरही जात असे.

डबा म्हणजे जीपमागे ओढायची, दोन चाकांवरची एक खोलीच होती. संस्थान होतं तेव्हा दरबारची मंडळी तो शिकारीला घेऊन जंगलात जात. बाहेरून पत्रा, आतून सागवानी फळ्या, निजायला बाक, पाण्याची टाकी आणि बॅटरीवर चालणारे दिवे. नानांचे आजोबा साताऱ्याकडून येऊन दरबारच्या पागेत लागले, वडील बग्गीखान्यात होते आणि नाना मोटारखान्यात. संस्थान विलीन झालं, मोटारी कुठं कुठं गेल्या, आणि डबा आला आरोग्य खात्याकडे. त्याच्याबरोबर नानाही आले, चाकाबरोबर आस यावा तसे. निजायच्या बाकाचं आम्ही तपासणीचं टेबल केलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत असं आमचा ड्रायव्हर भेरूलाल सांगत असे.

बाग, मनावर ही गावं आणि त्यापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर आम्ही डबा नेत होतो. रस्ता असा नव्हताच. काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मध्येच खडक, मध्येच नाला. एक चाक वर गेलं की दुसरं खाली जाई आणि डबा सगळ्या अंगानं कण्हत असे. आणि पावसाळ्यात तो गळायचा. गळायचा म्हणजे नेमका टेबलावरच्या दिव्यातून गळायचा. बल्बच्या कडेनं पाणी ठिबकू लागे, दिवा पिवळा पडे आणि थोड्या वेळानं फ्यूज उडून सगळेच दिवे जात.

नानांचं म्हणणं ठरलेलं होतं. "दरबारात होता तोवर एक थेंब आत आला नव्हता, बाई. तुमच्या सरकारच्या हाताला लागला आणि गळायला लागला." सरकार माझंच आहे अशा थाटात ते मला ऐकवत. मी म्हणत असे, सरकार काय पाणी घेऊन छतावर बसतं का? तर म्हणत, "बसत असेल. त्यांना दुसरं काम काय?"

पण गळती शोधायला बसले की हा बडबड्या माणूस गप्प होत असे. धारला परतल्यावर ते आतल्या फळ्यांवर खडूची पूड चोळायचे. दार लावून आत एकटे बसायचे. भेरूलाल झारी घेऊन छतावर चढायचा आणि सांध्या-सांध्यावर हळूहळू पाणी सोडायचा. आत पांढऱ्या पुडीवर कुठं ओली रेघ उमटते ते नाना बघत बसायचे, तासन्‌तास. रेघ दिसली की बाहेर येऊन तो सांधा खरवडायचे, सफेदा आणि जवसाच्या तेलाची लांबी मळून भरायचे, वर पातळ पत्रा ठोकायचे. दिव्यांचंही तसंच. एकेक दिवा सोडवून, एकेक तार चाचणीच्या बल्बला लावून बघायची. पण धारला येईपर्यंत डबा वाळलेला असे आणि दिवे लख्ख लागत. दोष सापडायचा नाही. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

एकदा आमच्या डॉक्टरांनी कंटाळून दिव्याभोवती आतूनच मेण लावलं. नानांनी ते नखानं उकरून काढलं. डॉक्टर रागावले, तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, टपकतं तिथं बघायचं नसतं. शिरतं तिथं बघायचं. आतून लिंपणं म्हणजे खोकणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. तुम्ही असं औषध देता का?" डॉक्टर हसले. हे वाक्य मग आमच्याकडे रुळलंच. कुणी थातूरमातूर उत्तर दिलं की भेरूलाल त्याच्या माळवीत म्हणायचा, "भिया, आतून लिंपू मती," म्हणजे लिंपू नको.

या शोधात एक जागा मात्र सुटत असे. दाराच्या वर, छताच्या कडेखाली, शेंदरानं काढलेला गणपती होता. मोटारखान्याची रीतच होती. दसऱ्याला शस्त्रांबरोबर गाड्यांची पूजा व्हायची, दारावर शेंदूर चढायचा आणि झेंडू-आंब्याचं तोरण लागायचं. तोरणासाठी नवा खिळा ठोकायचा, जुना वापरायचा नाही, आणि वाळलेलं तोरण पुढच्या दसऱ्यापर्यंत काढायचं नाही. नाना हे सगळं दवाखान्यातही करत. सकाळी अंघोळ करून, फेटा बांधून, हातात हातोडी घेऊन येत. त्या एका दिवशी सरकारला शिवी नसे. झारीच्या वेळी शेंदूर धुऊन जाऊ नये म्हणून ते दारावर ताडपत्रीचा तुकडा खोचून ठेवत आणि भेरूलालची झारी तिकडे वळली की आतून ओरडत, "उधर नी, भेरू. उधर देव हे." देवाच्या जागी पाणी ओतायचं नाही, हे आम्हां सगळ्यांनाच पटलेलं होतं. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

भाद्रपदात आम्ही मनावरच्या पुढे एका नाल्याशी अडकलो. पाणी उतरण्याची वाट बघत डबा अलीकडच्या काठावर उभा होता. दुपारच होती, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की आत दिवे लावावे लागले. तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावरची माणसं कळा सुरू झालेल्या एका बाईला खाटेवर घालून, कमरेएवढ्या पाण्यातून आली. सकरी तिचं नाव. तिची सासू तिला सारखी त्या नावानं हाका मारत होती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. मूल लवकरच झालं, रडलंही. मग रक्त सुरू झालं. आत कुठंतरी फाटलं होतं. डॉक्टरांनी सुई हातात घेतली आणि टेबलावरच्या दिव्यातून पाणी ठिबकू लागलं. दिवा पिवळा पडला. मग गेला. सगळेच गेले.

नाना चिखलात आडवे होऊन डब्याखाली बॅटऱ्यांपाशी शिरले. नवी फ्यूज घातली की क्षणभर उजेड व्हायचा आणि ती उडायची. खालून त्यांचा आवाज यायचा, "लागली का, बाई? लागली का?" मी कंदील धुंडाळत होते, काडेपेटी सादळलेली होती, डॉक्टर अंदाजानं मुठीनं दाबून धरून होते. "लागली का, बाई?" मी ओरडून नाही म्हणायची. कंदील लागला आणि उजेडात मी सकरीचा चेहरा पाहिला, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी मी उत्तर दिलं नाही. नाना समजले. बराच वेळ ते डब्याखालून बाहेर आलेच नाहीत.

परतीच्या वाटेवर डॉक्टर म्हणाले, की तिला आणायला उशीर झाला होता, उजेड असता तरी वाचली असती असं सांगता येत नाही. ते बहुधा खरं होतं. नानांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी त्या दिवशी सरकारला शिवीही दिली नाही.

धारला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते डब्याचं आतलं लाकूड उकलायला बसले. डब्याला ओल होती, या वेळी त्यांनी तो वाळू दिला नव्हता. दिव्यापासून सुरुवात करून, तारांवरची लाकडी पट्टी एकेक वीत काढत, ओलीच्या मागं मागं ते सरकत गेले. मी औषधांच्या बाटल्या पुसत होते. त्यांनी मला हाक मारली तेव्हा ते दारापाशी उभे होते.

"बाई, इकडं या. हात लावून बघा."

दाराच्या वरची पट्टी उघडी होती. बाहेरून ठोकलेल्या खिळ्यांची टोकं पत्र्यातून, लाकडातून आत आली होती, एकाशेजारी एक, जितके दसरे तितकी. काहींच्या जागी नुसती भोकं उरली होती. त्यातल्या एकाचं गंजकं टोक दोन तारांच्या बरोबर मधे बसलं होतं. तारांवरचं कापड कुजून काळं झालं होतं आणि आतल्या तांब्यावर हिरवा थर होता. पाऊस आला की पाणी खिळ्याच्या भोकातून आत शिरायचं, तारा एक व्हायच्या, आणि तेच पाणी पट्टीतून सरकत जाऊन पार तिकडे टेबलावर ठिबकायचं.

मी म्हटलं, "पण नाना, दरबारात असताना कधी गळला नव्हता ना?"

"शिकारीला कोण पावसात जातं, बाई?" ते म्हणाले. "तेव्हा पावसाळाभर हा मोटारखान्यात छपराखाली असायचा."

मग पकड घेऊन एकेक खिळा काढू लागले. वाळलेलं तोरण खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. मी उचलून बाजूला ठेवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी बरीच माणसं रडताना पाहिली आहेत, तो धंदाच माझा. पण न रडता उभा असलेला तो म्हातारा बघून मला जे वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही. ज्या हातानं त्यांनी डबा जपला, पुजला, त्याच हातानं तो फोडला होता. आणि आपण इतकी वर्षं शिव्या कुणाला दिल्या हेही त्यांना आता कळलं होतं.

त्यांनी नव्या तारा ओढल्या, भोकं बुजवली, छताची कड नव्या पत्र्यानं मढवली. डबा त्यानंतर कधी गळला नाही. काम पुरं झाल्यावर नानांनी नोकरी सोडली आणि देवासला लेकीकडे राहायला गेले. जाताना दारावरच्या शेंदराला हात जोडायला ते थांबले नाहीत.

माझं माहेर देवासचं, त्यामुळे सुटीत गेले की मी त्यांच्याकडे जात असे. टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या लेकीचं, शकूचं घर होतं. नाना ओसरीवर बसून असत. मी मुद्दाम सरकारचा विषय काढायची, ते भांडत नसत. शकू मला म्हणाली, की दसऱ्याला जावई चौकटीवर खिळा ठोकायला लागले की नाना उठून बाहेर निघून जातात, आवाज येईनासा झाला की परततात. दर भेटीत ते मला सकरीच्या मुलाचं विचारत. आम्ही त्या पाड्यावर पुन्हा गेलो होतो, मूल आजीपाशी होतं, धावत होतं. मी ते सांगायची. ते मान हलवत.

शेवटच्या भेटीत ते फार थकलेले होते. शकू चहा करायला आत गेली होती. नाना म्हणाले, "बाई, एक विचारू? दिवे गेले आणि तुम्ही कंदील लावला, एवढ्यात माणूस जातं का?"

मला पटकन सांगता आलं असतं, की नाही जात, नाना. डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगता आलं असतं. माझ्या ओठांवर होतंच. त्यांनी हात वर केला. "आतून लिंपू नका," ते म्हणाले.

मी म्हणाले, "जातं, नाना."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं केलंत. बाकी सगळे लिंपतात." शकू चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी तो घेतला. निघताना मी त्यांच्या पाया पडले, आयुष्यात पहिल्यांदाच, चपला काढून.

ते गेले नवरात्रात. मी बातमी ऐकून देवासला पोचले तो नेमका दसऱ्याचा दिवस होता. गल्लीत दारोदार ठोकाठोक चालली होती. शकूच्या घरी सुतक होतं, त्यामुळे तिच्या दाराला तोरण लागायचं नव्हतं. मी ओसरीवर त्यांच्या जागेशेजारी बसले आणि इतर घरांतून येणारे हातोडीचे आवाज ऐकत राहिले. ते आवाज चुकवायला नाना दर वर्षी चालत कुठवर जात असतील, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.