टँकरचा भोंगा आणि शिळं पाणी

आमच्या काकाच्या लॉजमधलं दोन दिवसांचं पाणी मी एका मिनिटात संपवलं, आणि तेही नळाला हात न लावता.

संभाजीनगरचा लॉज म्हटल्यावर तुम्ही आता अजिंठा, वेरूळ, गेला बाजार दौलताबादचा किल्ला यायची वाट बघत असाल. बसा बघत. ह्या गोष्टीत लेणी नायत. ड्रम आहेत. निळे, प्लास्टिकचे, अकरा.

लॉज पडेगावात, दौलताबाद रोडला. खोल्या बारा. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं, पण येताना पाणी आणायचं विसरलं. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. टँकर दर चौथ्या दिवशी तरी यायचा, पर्यटक तेवढाही येईना. आंघोळीला पाणी नाय म्हटलं की माणूस लेणी फोटोतच बघतो. काका काउंटरवर बसून दिवसभर रस्त्याकडं बघायचा, एखादी बस चुकून तरी आत वळंल म्हणून.

अशात पुण्याच्या एका सहल कंपनीचा फोन आला. त्यांना पाणी जपणारा लॉज पाहिजे होता. त्यांच्या एक मॅडम येऊन बघणार, पसंत पडला तर आख्ख्या हंगामाच्या सहली आमच्याकडं. नाय पडला तर काका लॉजला कुलूप लावणार होता. (शटरवर 'भाड्याने देणे आहे' लिहायला रंगाचा डबासुद्धा आणून ठेवलेला. मी बघितला.)

आता हे सगळं सांभाळणारा मॅनेजर कोण? मी. हॉटेल मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स केलेला खानदानातला पहिला माणूस. मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाय, म्हणून रिसेप्शन सोडून बाकी सगळ्या विषयांत पास. लगेच कामाला लागलो. पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी, लागलं तर परत अर्धा. शॉवर बंद. बादलीला आतून लाल रेघ. आंघोळीचं पाणी पाइपानं थेट लिंबाच्या झाडांना.

अडलं ते काकूपाशी. टँकर आला की आधी शिळं पाणी फेकायचं, भांडी विसळायची, मग ताजं भरायचं, ही तिची रीत. चार दिवसांचं पाणी म्हणजे तिच्या लेखी चार दिवसांची भाजी. त्यात टँकरवाला रफिकभाई लई घाईचा. ड्रम रिकामे दिसले नायत की गाडी पुढं. म्हणून भोंगा ऐकला की आमच्या लॉजमध्ये विचार करायची पद्धत नव्हती. डायरेक्ट ओतायचं.

"काकू, पाणी शिळं होत नसतं."

"व्हय? मग तू पी."

"धरणात वर्षभर साठवतेत, ते काय रोज बदलतेत?"

"धरण माझ्या सैपाकघरात नाय."

शेवटी काका मधी पडला. मॅडम येऊन जाईस्तोवर पाण्याचा थेंब फेकणार नाय, असा शब्द काकूनं दिला. खोल्या झाडणाऱ्या शांताबाईनंही दिला.

मॅडम सकाळी अकराला आल्या. हातात कागद, कागदावर चौकोन, चौकोनात टिक. अर्धा ग्लास, टिक. लाल रेघ, टिक. लिंबाची झाडं बघून तर म्हणाल्या, "वा." मला पाय जमिनीवर ठेवायला जमंना. तुम्हाला म्हणून सांगतो, मला नकला करायची खोड आहे, आणि आनंद झाला की ती आवरत नाय. मी मॅडमना काकाची नक्कल करून दाखवली, रस्त्याकडं बघणाऱ्या काकाची. मॅडम हसल्या. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

"अजून कुणाची येते?"

"टँकरची येते."

"टँकरची? करा बघू."

अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. आधी इंजिनाची घरघर. मग ब्रेकचं किंचाळणं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून भोंगा, लांबलचक, आणि त्याच्यावर रफिकभाईचा आवाज: "चलो चलो, पाइप डालो, टैम नक्को खाओ!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सैपाकघरातून पहिला ड्रम आडवा झाला.

"आला गं शांते, लवकर आला!" काकूचा आवाज.

दुसरा ड्रम. तिसरा. वरच्या गॅलरीतून शांताबाईनं बादली भिरकावली. लहानपण शेरडामागं गेलेलं, नेम पक्का. पाणी बरोबर मॅडमच्या पायाशी. सात नंबरच्या खोलीत जळगावचं एक जोडपं चार दिवसांपासून उतरलेलं होतं. काकूनं त्यांनाही तयार केलेलं. त्यांनी दारातून दोन्ही बादल्या ओतल्या आणि रिकाम्या घेऊन रांगेत उभे राहिले.

"थांबा! टँकर नाय! मी होतो!" मी वरडत होतो. अकरा ड्रमांच्या आवाजात कोण ऐकतंय.

राहता राहिली गच्चीवरची टाकी. तिच्यातलं तरी वाचंल म्हणून मी जिन्याकडं पळालो, तर वरून काका खाली येताना दिसला. तोंडभर हसू.

"पोरा, रफिकला चहा सांग. टाकीचा वॉल खोलून आलो."

अंगणात घोट्याएवढं पाणी. शेजारचा पंक्चरवाला दोन कॅन घेऊन धावत आला आणि इकडंतिकडं बघायला लागला. मॅडम साडी उचलून उभ्या. कागद भिजलेला.

"हे असं रोज होतं?"

"नाय मॅडम," मी म्हणालो. "चौथ्या दिवशी."

मग काकानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "टँकर कुठंय?"

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं.

मॅडमची गाडी गेली आणि काकू सुरू झाली.

"भोंगा वाजवतो मेला! आणि वर आम्हाला शिकवतो पाणी जपायला."

"काकू, तू शब्द दिलता ना?"

"शब्द टँकर येईस्तोवर असतो. टँकर आल्यावर कुणाचा शब्द राहतो रे?"

पुढचे दोन दिवस मी स्कूटीवर कॅन वाहिले. काकानं रंगाचा डबा तेवढा काउंटरवर आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज आला. काकानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला: 'लॉज आवडला. पाणी वाचवण्याची सोय उत्तम आहे. मॅनेजर बदलणार असाल तर सहली पाठवतो.'

काकाचा चेहरा उजळला. पण मी समोरच उभा, म्हणून त्यानं आवाज चढवला. "लाज वाटती का? खानदानात पहिल्यांदा कुणाला तरी पुण्यावरून काढून टाकलंय. ते पण लेखी!"

काकू कपाळाला हात लावून बसलेली. मला वाटलं, माझ्यासाठी रडती.

"दोन वर्षं गिऱ्हाईक नाय म्हणून मी सोमवार धरले," ती म्हणाली. "ह्याला काढलं की भागत होतं, हे आधी नाय का सांगायचं कुणी?"