त्या किनाऱ्यावर दिसलेले वळ

पनवेलमध्ये आता ओळखीतलं कुणी क्रूझला निघालं की बायका हळूच मला बाजूला घेतात. तिकडे तसला बीच असतो म्हणे, तुम्ही गेला होतात ना, मग काय करायचं असतं? मी सरळ सांगते. कपडे काढायची सक्ती नसते. बसायचं ते आपल्याच टॉवेलवर. मोबाइल पिशवीतून बाहेर काढायचा नाही. कुणाशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघून. क्रीम पाठीला आणि पोटाला भरपूर लावायचं, कारण आपल्या त्या अंगाला ऊन माहीतच नसतं. आणि परतीची शेवटची बोट कधीची, ते उतरतानाच विचारून ठेवायचं. हे मला जहाजावर सहलींच्या काउंटरवर बसणाऱ्या मंगळूरच्या मुलीने हिंदीत समजावलं होतं, आणि त्यातलं एकही अक्षर चुकीचं निघालं नाही. बाकी जे घडलं ते विचारणाऱ्या बायकांना मी सांगत नाही. इथे सांगते.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा नवरा, धाकटा दीर आणि जाऊ. गव्हाणकडची जमीन सरकारी प्रकल्पात जाऊन मोबदल्याचे पैसे आल्यापासून आमच्या घरात परदेशवारी नवी राहिली नव्हती. जाऊ उरणच्या खाडीकाठची, मासेमारी करणाऱ्या घरातली. चालायला लागायच्या आधी पोहायला शिकले, असं ती म्हणायची. पण लग्न झाल्यापासून चार वर्षांत ती पाण्यात उतरली नव्हती. आमच्या घरात बायका पोहत नाहीत, असं दिराने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी जहाज एका लहानशा बेटापाशी थांबलं. किनारा एकच होता, पण मध्ये लाकडी पाटी होती. पाटीच्या अलीकडे कपड्यातली माणसं, पलीकडे ज्याची त्याची मर्जी. पुरुष अलीकडच्या बारमध्ये बसले. आम्ही दोघी वाळूतून चालत राहिलो आणि पाटी कधी मागे पडली ते बोलता बोलता कळलंही नाही. खरं तर मला कळलं होतं, पण ती थांबली नाही म्हणून मीही थांबले नाही.

पलीकडे बहुतेक म्हातारी माणसं होती. कुणी पुस्तक वाचत होतं, कुणी कलिंगड कापत होतं. दहा मिनिटांत माझी नजर सरावली. मी अंगातला गाऊन तसाच ठेवून टॉवेल अंथरला आणि बसले. जाऊ उभीच होती. मग तिने समुद्राकडे तोंड केलं आणि ड्रेस डोक्यावरून काढला.

तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही काळे पडलेले, काही पिवळे. एका ठिकाणी बकलाचा चौकोन स्पष्ट उमटला होता. मांड्यांवर, कमरेवर, जिथे जिथे साडी किंवा ड्रेस पोचतो तिथे तिथे. गळा, हात आणि चेहरा मात्र स्वच्छ. एकाच घरात आम्ही दोघी एका ओट्यावर भाकऱ्या थापत होतो. तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बगितलंस ना ताई? आता काय विचारू नको. मना पोहू दे."

ती आत गेली आणि लाटेखालून निघून थेट पलीकडे वर आली. मी किनाऱ्यावर रडत होते आणि ती हसत होती.

दीर आम्हाला शोधत आला तेव्हा ती पाण्यातून बाहेर येत होती. त्याने पहिला फटका तोंडावर मारला. घरात तो तोंडावर मारत नसे, पण तिथे त्याला सावरता आलं नाही. मग केसांना धरून त्याने तिला वाळूतून ओढलं आणि पोटात लाथ घातली. मी मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली. त्याचं कोपर माझ्या जबड्यावर बसलं आणि तोंड रक्ताने भरलं. मी पडले. त्याने तिचा हात पिरगाळून पाठीशी नेला आणि कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा.

मग ती माणसं धावली. कलिंगड कापणारा म्हातारा पहिला आला. दिराने त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्त त्याच्या पांढऱ्या छातीवरून खाली वाहिलं, पण त्याने दिराचं मनगट सोडलं नाही. दोघांनी पाय धरले. एक थोराड बाई धावत आली, तिने त्याला पालथा पाडला आणि ती त्याच्या पाठीवर बसली. अंगावर सूत नसलेल्या पाच-सहा माणसांखाली माझा दीर वाळू खात आमच्या भाषेत शिव्या देत होता. तिथे त्या कळणारी माणसं आम्ही दोघीच होतो. कुणीतरी जावेला टॉवेलात गुंडाळलं.

पोलीस आले. पाठोपाठ जहाजावरची ती मंगळूरची मुलगी आणि माझा नवराही आले. पोलिसांनी तिच्यामार्फत विचारलं, असं पहिल्यांदाच झालं का? जावेने नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "पयल्यांदा नाय. कपड्यांखाली मारतो, म्हनून तुमाला दिसत नाय." आणि तिने खांद्यावरचा टॉवेल खाली सरकवून आपल्या या थोरल्या दिराला पाठ दाखवली.

माझा नवरा तिथेच वाळूत बसला.

दिराला जहाजावर परत घेतलं नाही. पोलिसांच्या ताब्यातून सुटून तो विमानाने आमच्या आधी घरी पोचला आणि त्याने सासूबाईंना सांगितलं, तुझी सून जगासमोर नागडी झाली. आम्ही दारात आलो तेव्हा सासूबाई पुढे आल्या. जावेचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी तिला देवघरासमोर नेलं, मागून ब्लाउज वर करून पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "नीघ माज्या घरातून."

त्याने आईला ढकललं. त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. त्यानंतर माझ्या नवऱ्याने जे केलं ते मी अडवायला हवं होतं असं पुष्कळ जणांनी सांगितलं. त्याने जेवायचा शिसवी पाट उचलला आणि भावाच्या खांद्यावर, मग बरगड्यांवर, मग पुन्हा खांद्यावर घातला. मी आडवी गेले नाही. शेजारी धावत आले तेव्हा त्यांनीच पाट काढून घेतला.

दीर आता आपट्याला शेतावरच्या घरात राहतो. एक खांदा खाली उतरलेला आहे. जावेची फारकतीची केस पनवेलच्या कोर्टात चालू आहे, तारखेला मी तिच्याबरोबर जाते. तिचं कोपर सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढंच होणार. ती माहेरी गेली नाही. सासूबाईंनी तिला स्वतःच्या खोलीत घेतलं आहे. सासूबाईंना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून ती उजव्या बाजूला झोपते.

गावात मारहाणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बीचबद्दल मात्र बोलतात. मागे एका हळदीत एका बाईने सगळ्यांसमोर तिला विचारलं, लाज कशी नाय वाटली? जावेने ताटातलं सुरमईचे काटे काढत शांतपणे सांगितलं, "वाटली ना. चार वरसं वाटत व्हती." ती बाई उठून दुसऱ्या पंगतीला गेली. आम्ही दोघी जेवून, हात धुऊन घरी आलो.